हलक्या कणांचं वजन



बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात गळीत हंगाम सुरू झाला की माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर इथल्या कारखान्यांच्या फाटकाशी उसाच्या गाड्यांची रांग लागते. भरलेली गाडी काट्यावर चढते, ऊस उतरवल्यावर रिकामी गाडी पुन्हा काट्यावर येते. पहिल्या आकड्यातून दुसरा वजा केला की उसाचं वजन मिळतं. शेतकऱ्याचं सगळं लक्ष त्या आकड्यावर असतं, आणि ते रास्तच आहे. वर्षभराची कमाई त्यात असते. पण या व्यवहारातली एक साधी गोष्ट आपल्या ध्यानात येत नाही. काट्याला ऊस दिसत नाही. ट्रॉलीत ऊस आहे, पाचट आहे, की मोळ्यांच्या आड कोणी पोरगा झोपला आहे, हे काट्याला माहीत नसतं. पण तो पोरगा वजनात धरला जातोच. दिसला नाही म्हणून वजनातून सुटला, असं होत नाही.

आज मी ज्या काट्याविषयी बोलणार आहे तो आकाशात आहे, आणि त्यावर चढलेली गाडी म्हणजे बालपणीचं अख्खं विश्व. या गाडीत काय काय भरलं होतं, याची यादी आपल्यापाशी आहे. प्रकाश होता, इलेक्ट्रॉन होते, हायड्रोजन आणि हेलियमची केंद्रकं होती, न्यूट्रिनो नावाचे कण होते आणि ज्याला कृष्णद्रव्य म्हणतात तेही होतं. प्रश्न असा की ही यादी पुरी आहे का? शास्त्रज्ञांना बरीच वर्षं शंका आहे की आणखी काही कण असावेत. वस्तुमानाने अतिशय हलके, जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावणारे आणि कोणाशीही फारसा संबंध न ठेवणारे. असा कण आपल्या शरीरातून, पृथ्वीतून, प्रयोगशाळेतल्या यंत्रातून आरपार निघून जाईल आणि खूणही ठेवणार नाही. मग तो आहे की नाही हे ठरवायचं कसं? त्याला पकडता येत नसेल, तर निदान तोलून पाहता येईल का?

तोलण्याचं साधन म्हणजे मायक्रोवेव्ह पार्श्वभूमी प्रारण. नाव अवजड आहे, पण वस्तू आपल्या घरातली आहे. केबल येण्याआधी, रात्री कार्यक्रम संपले की दूरदर्शनच्या पडद्यावर मुंग्या दिसायच्या. त्या मुंग्यांतला थोडासा अंश थेट विश्वाच्या बालपणातून आलेला असे. १९६४ साली अमेरिकेत न्यू जर्सी इथे बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्नो पेंझियस आणि रॉबर्ट विल्सन या दोघांना आपल्या शिंगाच्या आकाराच्या अँटेनात अशीच एक खरखर सापडली. अँटेना कुठेही वळवला तरी ती तेवढीच. आत कबुतरांनी घरटं केलं होतं. ते काढलं, विष्ठा पुसली, तरी खरखर गेली नाही. पुढे १९७८ साली त्या खरखरीसाठी दोघांना नोबेल पारितोषिक मिळालं. आज आपल्याभोवतीच्या प्रत्येक घन सेंटीमीटर जागेत या जुन्या प्रकाशाचे सुमारे ४११ कण आहेत. तुमच्या ओंजळीतही आहेत.

हा प्रकाश निघाला कुठून? त्यासाठी मी आपल्याला आषाढीच्या वाटेवर नेतो. तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी अशी मजल करत इंदापूरला येते. त्या गर्दीत सापडलेल्या माणसाला आपल्या मर्जीने चार पावलंही सरळ टाकता येत नाहीत. इकडे धक्का, तिकडे वळसा. विश्व लहान आणि तप्त होतं तेव्हा प्रकाशकणांची हीच गत होती. इलेक्ट्रॉन मोकळे फिरत होते आणि प्रकाशकण क्षणोक्षणी त्यांच्यावर आदळून दिशा बदलत होता. विश्व प्रसरण पावत गेलं, थंड होत गेलं. महास्फोटानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी तापमान तीन हजार अंशांच्या आसपास उतरलं, इलेक्ट्रॉन केंद्रकांशी जोडले गेले, त्यांचे अणू झाले. गर्दी पांगली. मग प्रकाश जो सरळ निघाला तो आजपर्यंत चालतोच आहे. वाटेत विश्व सुमारे अकराशे पट ताणलं गेलं, त्याबरोबर त्या प्रकाशाच्या लहरीही ताणल्या गेल्या आणि त्याचं तापमान २.७२५ केल्विनवर आलं, म्हणजे शून्याखाली सुमारे २७० अंश सेल्सिअस.

सगळीकडून हा प्रकाश जवळजवळ सारखाच येतो. जवळजवळ म्हटलं, कारण १९९२ साली कोबे या उपग्रहाने दाखवलं की त्यात लाखात एक इतका बारीक फरक आहे. एका दिशेला कणभर गरम, दुसऱ्या दिशेला कणभर थंड. या फरकांतच आपला काटा दडला आहे.

शेततळ्यात खडा टाकला की तरंग उठतात. तरुण विश्वातही तरंग उठत होते, पण ते पाण्याचे नव्हेत, ध्वनीचे. जिथे द्रव्य थोडं दाट, तिथे गुरुत्वाकर्षण आणखी द्रव्य ओढून घेई. दाटी वाढली की आत कोंडलेल्या प्रकाशाचा दाब ते बाहेर ढकले. दाबलं, उसळलं, पुन्हा दाबलं. या लहरी प्रकाशवेगाच्या निम्म्याहून जास्त वेगाने धावत होत्या. मग गर्दी पांगली आणि प्रकाशाची साथ सुटताच लहरी जागच्या जागी थिजल्या. ज्या क्षणी थिजल्या त्या क्षणाचं चित्र आपल्याला आकाशात दिसतं. त्यातले सर्वांत ठळक ठिपके साधारण एक अंश रुंदीचे, पौर्णिमेच्या चंद्राच्या दुप्पट आहेत. त्यांहून लहान ठिपक्यांच्या एकामागून एक ओळी आहेत, आणि फार लहान ठिपके मात्र पुसट होत गेलेले आहेत. विश्वाच्या वजनाचा हिशेब या पुसटपणात लिहिलेला आहे. तो कसा वाचायचा, ते जरा सावकाश पाहू.

आधी एक नियम. सुरुवातीच्या विश्वात जितकी ऊर्जा जास्त भरलेली, तितका प्रसरणाचा वेग जास्त. हे ऐकून काहींना उलटं वाटेल. जास्त माल म्हणजे जास्त गुरुत्व, मग प्रसरण मंद नको का व्हायला? दगड वर फेकण्याचं उदाहरण घ्या. पृथ्वीहून जड अशा ग्रहावर दगड तेवढ्याच उंचीवर न्यायचा असेल, तर हातातून सुटताना त्याचा वेग जास्तच लागेल. आपलं विश्व एवढं मोठं झालेलं आहे हे तर आपण पाहतोच आहोत. तेव्हा गाडीत माल जास्त होता असं म्हणायचं असेल, तर त्या काळी वेगही जास्त होता असंच म्हणावं लागतं. आणि वेग जास्त म्हणजे तापमान तीन हजारावर यायला वेळ कमी. लपलेल्या हलक्या कणांनी दुसरं काही केलं नाही, कोणाला शिवलेही नाहीत, तरी घड्याळात ही गडबड केल्याशिवाय ते राहू शकत नाहीत.

आता पुन्हा वारीत चला. एक दिंडी सरळ चालली आहे. तिला निम्मा वेळ दिला तर ती निम्मंच अंतर कापेल. त्याच गर्दीत एक मूल चुकलं आहे आणि दिशाहीन भटकतं आहे, कधी पुढे, कधी मागे. त्याला निम्मा वेळ दिला तर ते मूळ जागेपासून निम्मं नव्हे, सरासरीने सुमारे सत्तर टक्के दूर जातं. भटकणाऱ्याचं अंतर वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं, हे गणित आहे. ध्वनिलहर ही दिंडी आणि इलेक्ट्रॉनांवर ठेचकाळणारा प्रकाशकण हे चुकलेलं मूल. लहरीने कापलेल्या अंतरावरून ठिपक्यांचा आकार ठरतो, प्रकाशकणाच्या भटकंतीने लहान ठिपके पुसले जातात. वेळ कमी मिळाला तर दोन्ही अंतरं कमी होतात, पण सारख्या प्रमाणात नाही. ठिपक्यांच्या मानाने पुसण्याचा पल्ला मोठा होतो. म्हणून लपलेला माल जास्त असेल तर बारीक ठिपके नेहमीपेक्षा जास्त पुसट दिसले पाहिजेत. किती जास्त, हे मोजलं की काट्यावरचा आकडा मिळाला.

दुसरीही एक खूण आहे, आणि ती मला जास्त आवडते. कोणाच्याही अडवणुकीशिवाय प्रकाशवेगाने धावणारे कण ध्वनिलहरीच्या पुढे निघून जातात. जाताना ते आपल्या गुरुत्वाने लहरीचा माथा किंचित पुढे खेचतात. आकाशातल्या ठिपक्यांची ओळ त्यामुळे जराशी सरकते. प्लँक उपग्रहाच्या आकड्यांत न्यूट्रिनोंनी केलेली ही सरक खरोखरच आहे, असं २०१५ साली दाखवण्यात आलं. महास्फोटानंतर एका सेकंदाने मोकळे झालेले हे न्यूट्रिनो आजवर कोणी थेट पकडलेले नाहीत, तरी त्यांची ओढ दिसली.

न्यूट्रिनोंविषयी दोन शब्द बोलायला हवेत, कारण यादीतले हलके कण म्हणून आपल्याला माहीत असलेले तेच. १९३० साली वोल्फगांग पाऊली यांनी हिशेबात तूट येते म्हणून असा कण कल्पिला, आणि तो प्रयोगात सापडायला १९५६ साल उजाडलं. आपल्याकडेही या कणाचा इतिहास घडला आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ओसाका आणि डरॅमच्या सहकाऱ्यांसह कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून अधिक खोलीवर यंत्रं मांडली, आणि १९६५ साली वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंची नोंद घेतली. जगात अशा पहिल्या नोंदींमध्ये ती गणली जाते. न्यूट्रिनो तीन जातींचे आहेत, आणि तीनच, हे १९८९ साली जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत निघालं. चौथा असलाच, तर तो नेहमीच्या पद्धतीने कशाशीही न बोलणारा असला पाहिजे.

म्हणजे आकाशातल्या काट्यावर आकडा तीन यायला हवा. प्रत्यक्षात सिद्धान्त सांगतो ३.०४४. ही वरची चिल्लर कुठून आली? वारीत मुक्कामाच्या गावोगावी पंगत असते. जो वारीसोबत आहे त्याला पंगतीचा वाटा मिळतो, जो आधीच्या मुक्कामालाच वारी सोडून गेला त्याला पुढच्या गावची भाकरी मिळत नाही. विश्वात पंगत म्हणजे कणांच्या जोड्यांचं नष्ट होणं. तापमान उतरत गेलं तसे एकेका जातीचे कण आणि प्रतिकण एकमेकांत संपले आणि त्यांची उष्णता उरलेल्यांत वाटली गेली. शेवटची मोठी पंगत इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांची. तोवर न्यूट्रिनो वारी सोडून निघाले होते, म्हणून सगळी उष्णता प्रकाशाला मिळाली आणि प्रकाश न्यूट्रिनोंपेक्षा गरम राहिला. पण काही न्यूट्रिनो वेशीवरच रेंगाळत होते; त्यांच्या तोंडी एखादा घास गेला. ती ही ०.०४४. इतकं करूनही न्यूट्रिनोंचा वाटा लहान नव्हता. पहिल्या काही हजार वर्षांत प्रकाश आणि न्यूट्रिनो मिळून जी ऊर्जा होती तिच्यातला सुमारे ४१ टक्के भाग त्यांचा होता.

आता काट्यावर काय आकडे आले ते पाहू. २०१० ते २०१२ या काळात या क्षेत्रात चांगलीच गडबड उडाली होती. डब्ल्यूमॅप उपग्रहाचे आकडे चारच्या आसपास येत होते. चिलीच्या वाळवंटातल्या अटाकामा दुर्बिणीने तर ५.३ असा आकडा दिला, अर्थात १.३ इकडेतिकडे होण्याची मुभा ठेवून. दक्षिण ध्रुवावरची दुर्बीणही चारच्या जवळ होती. चौथा कोणीतरी गाडीत आहे, असं अनेकांना वाटू लागलं. त्यातच लॉस अलामॉसच्या एका न्यूट्रिनो प्रयोगात १९९०च्या दशकातच काही विचित्र आकडे मिळाले होते आणि त्यांचं स्पष्टीकरण चौथ्या, अबोल न्यूट्रिनोने होण्यासारखं होतं. दोन्हीकडून एकच बोट दिसत होतं. अशा वेळी भल्याभल्यांचा तोल जातो. शोधनिबंधांचा पाऊस पडला.

मग प्लँक उपग्रह आला. २००९ साली सोडलेल्या या युरोपीय उपग्रहाचा पहिला हिशेब २०१३ साली लागला आणि आकडा खाली उतरला. २०१८च्या अखेरच्या हिशेबात तो २.९९ आला, ०.१७ इकडेतिकडे. म्हणजे तीन. अबोल न्यूट्रिनो वारीत पुरता मिसळला असता तर चार यायला हवे होते. त्याला जागाच उरली नाही. प्रयोगशाळेतल्या पुराव्यालाही पुढे ओहोटी लागली. मायक्रोबून या अमेरिकेतल्या प्रयोगाने २०२१ साली जादा इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनो शोधले, ते सापडले नाहीत. अटाकामा दुर्बिणीचा शेवटचा हिशेब २०२५ साली जाहीर झाला. इतरांच्या आकड्यांसह तो २.८६ आहे, ०.१३ इकडेतिकडे. ज्या दुर्बिणीने पाचाची आशा दाखवली, तिनेच ती मिटवली. यात दुर्बिणीची चूक नव्हती. काटा भरड होता तेव्हा त्याने भरड आकडा दिला आणि किती भरड ते सोबत सांगितलंही होतं. ऐकणाऱ्यांनी पाच लक्षात ठेवले, १.३ विसरले.

मग आता शोधायचं काय? इथे ॲक्सिऑनची ओळख करून द्यावी लागते. न्यूट्रॉनच्या आत विद्युतभारांची एक प्रकारची विषमता दिसायला हवी होती, ती दिसत नाही. ती का दिसत नाही याचं उत्तर म्हणून १९७७ साली पेच्ची आणि क्विन यांनी एक कल्पना मांडली, आणि त्या कल्पनेतून एक अतिशय हलका कण निघतो हे पुढल्याच वर्षी वाइनबर्ग आणि विल्चेक यांच्या लक्षात आलं. भौतिकीतला एक डाग यामुळे धुऊन निघतो, म्हणून विल्चेक यांनी कपडे धुण्याच्या एका पावडरीचं नाव या कणाला दिलं. शास्त्रज्ञांना विनोद वर्ज्य नाही. एक खुलासा : हेच ॲक्सिऑन जर थंड, संथ अवस्थेत जन्मले असतील तर ते कृष्णद्रव्यात मोडतात आणि आजच्या काट्यावर चढत नाहीत. तापलेल्या वारीतून सुटून वेगाने पळालेले ॲक्सिऑन तेवढे आपल्या हिशेबात.

असा कण वारीतून फार लवकर, म्हणजे माहीत असलेले सगळे कण अजून चालत होते तेव्हाच बाहेर पडला असेल, तर पुढच्या सगळ्या पंगती त्याला हुकल्या. त्याचा वाटा अगदी बारीक होतो. पण शून्य होत नाही. गणित सांगतं की तो किमान ०.०२७ असतो. मला या विषयातला सर्वांत मोलाचा आकडा हाच वाटतो, कारण याखाली लपायला जागा नाही. कण कधीतरी तापलेल्या वारीत मिसळला असेल आणि नंतर नेहमीच्या पंगतींखेरीज कोणी वेगळी उष्णता ओतली नसेल, तर त्याचं वजन एवढं तरी भरलंच पाहिजे. आपला काटा अजून तितका बारीक नाही. ०.१३ची मुभा ठेवणाऱ्या काट्यावर ०.०२७ दिसत नाही.

सगळा भरवसा एकाच काट्यावर ठेवू नये, हे उसाच्या शेतकऱ्याला सांगायला नको. दुसरा काटा हेलियमचा आहे. महास्फोटानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत सामान्य द्रव्यापैकी वजनाने जवळजवळ पाव हिस्सा हेलियम झाला. प्रसरण जोरात असेल तर न्यूट्रॉन जास्त शिल्लक राहतात आणि हेलियम वाढतं. म्हणजे जुन्या, फारशा न मळलेल्या दीर्घिकांतलं हेलियम मोजलं तर लपलेल्या मालाचा दुसरा अंदाज मिळतो. तो अंदाजही तीनच्या आसपासच आहे, आणि अटाकामाच्या आकड्यात मिसळला तर मुभा ०.१३वरून ०.११वर येते.

हेलियमचं नाव निघालं की आपल्या भागाचा एक दुवा आठवतो. पिवळ्या रंगाच्या एका अनोळखी रेषेवरून हा वायू १८६८ साली प्रथम सूर्याच्या प्रकाशात दिसला. त्या वर्षीच्या ग्रहणाचा पट्टा आपल्या देशावरून गेला होता आणि गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन निरीक्षण करत होते. त्याच साली नॉर्मन लॉकियर यांनी इंग्लंडमधून, ग्रहणाविना, ती रेषा पाहिली. विजयदुर्गाशी त्यांचं नाव जोडलं जातं ते बरोबर आहे, पण ते तिथे आले १८९८ साली. २२ जानेवारी १८९८च्या त्या खग्रास ग्रहणाचा पट्टा कोकणातून वर चढत इंदापूरपासून फार लांब नसलेल्या जेऊरवरून गेला. भिगवणच्या पुढे रेल्वेने जाताना जे जेऊर लागतं, तेच. तिथे अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कँपबेल दुर्बिणी घेऊन उतरले होते आणि पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला यांनीही तिथेच आपला तळ ठोकला होता. तोपर्यंत हेलियम हाती लागून तीनच वर्षं झाली होती. १८९५ साली रॅम्झे यांना ते एका खनिजात सापडलं. मधली २७ वर्षं ते फक्त प्रकाशातली एक रेषा होतं आणि असा पदार्थ खरोखर आहे का, याविषयी कितीतरी रसायनशास्त्रज्ञ शंका घेत होते.

शंका घेण्यावरून जयंत नारळीकरांचा उल्लेख करायलाच हवा. कोल्हापुरात जन्मलेल्या नारळीकरांनी पुण्यात आयुका ही संस्था उभी केली आणि मराठी वाचकांच्या कित्येक पिढ्यांना आकाशाची गोडी लावली. पण महास्फोट त्यांना स्वतःला कधी पटला नाही. फ्रेड हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह १९९३ साली त्यांनी वेगळा सिद्धान्त मांडला. त्यात या पार्श्वभूमी प्रारणाचा उगम ताऱ्यांच्या प्रकाशात आहे आणि लोखंडाच्या सुईसारख्या बारीक कणांनी तो सारखा करून टाकला आहे, असं स्पष्टीकरण होतं. बहुतेकांना ते पटलं नाही. ठिपक्यांच्या ज्या ओळी मघाशी सांगितल्या, त्या महास्फोटाच्या चित्रात आपोआप येतात. तिथे त्यांच्यासाठी वेगळी सोय करावी लागत होती. माझंही मत बहुतेकांच्या बाजूचं आहे. पण याच संस्थेत तरुण सौरदीप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच प्रारणाचा बारकाईने अभ्यास केला आणि इथले शास्त्रज्ञ प्लँकच्या कामातही सहभागी झाले, ही गोष्ट मला फार चांगली वाटते. संस्थापकाचं मत एक आणि संस्थेत चाललेलं काम दुसरं, असं आपल्याकडे फार ठिकाणी चालत नाही. नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात वारले.

अशी दुर्बीण आपल्या जिल्ह्यात का नाही, असं कोणी विचारेल. नारायणगावजवळ खोडद इथली जी महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, ती मीटरच्या मापाच्या लांब लहरी पकडते आणि त्या कामात ती जगात वरच्या रांगेतली आहे. पण पार्श्वभूमी प्रारणाचे बारीक ठिपके मोजायला मिलिमीटरच्या मापाच्या लहरी लागतात, आणि त्यांना हवेतली वाफ शोषून घेते. उजनीचं पाणी, नीरेचे कालवे, उसाची शिवारं, वर पावसाळा. बारामती-इंदापूरची हवा पिकाला मानवते, या कामाला नाही. म्हणून दुर्बिणी जातात अटाकामाच्या वाळवंटात, पाच हजार मीटर उंचीवर, किंवा दक्षिण ध्रुवावर. नाहीतर हवेच्याही वर. भारतातल्या शास्त्रज्ञांनी एकत्र येऊन अशा एका उपग्रहाचा प्रस्ताव २०१८ साली इस्रोपुढे ठेवला. त्याचं नाव एको.

पैशाचा प्रश्न सगळीकडे आहे. ०.०२७ या आकड्याच्या जवळ जाणं हेही ज्याच्या आखणीतलं एक उद्दिष्ट होतं तो सीएमबी-एस४ हा मोठा अमेरिकी प्रकल्प. त्याला ०.०३ इतकी बारीक मुभा गाठायची होती. कित्येक वर्षं शेकडो लोक त्यावर राबले. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने आणि राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने त्याला यापुढे पाठबळ देता येणार नाही, असं कळवलं. मला हा निर्णय हळहळ वाटायला लावणारा वाटतो. काही सापडेल याची हमी नव्हती हे खरं. पण काही सापडलं नसतं तरी तो निकालच होता : ०.०२७ इतका किमान वाटा तर त्यानेही खात्रीने नाकारता आला नसता, पण त्याहून बराच मोठा वाटा असलेला दुसरा हलका कण त्या तप्त गर्दीत मिसळला नव्हता, असं म्हणता आलं असतं, आणि कित्येक सिद्धान्त एका फटक्यात निकालात निघाले असते. आज जमिनीवर असलेल्या दुसऱ्या कुठल्या यंत्राने हे होण्यासारखं नाही.

सध्या मदार आहे ती अटाकामातल्याच सायमन्स वेधशाळेवर. तिचं काम सुरू झालं आहे आणि मुभा ०.०५च्या आसपास आणण्याचं तिचं उद्दिष्ट आहे. गाडीत एखादा ॲक्सिऑनसारखा प्रवासी लवकर उतरून गेलेला असेल, तर काट्यावर ३.०४४च्या जागी ३.०७१ यायला हवेत. या दोन आकड्यांतला फरक निःसंशय सांगू शकेल असा काटा आज जगात कुठेही नाही.